विश्वाला मिती नेमक्या किती? तीन, चार, दहा, अकरा की सव्वीस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत लांबी, रुंदी, उंची या तीन मिती शिकवल्या, पुढे कुणीतरी आइनस्टाईनचं नाव घेऊन चौथी जोडली, आणि आता व्हिडिओंमध्ये कुणी दहा सांगतं, कुणी अकरा, कुणी थेट सव्वीस. मग खरा आकडा कोणता? जास्तीच्या मिती असतील तर त्या आहेत कुठे? आणि तीनपेक्षा कमी असू शकतात का?

आकडा हवा असेल तर तो आधी देऊन टाकतो: चार. तीन अवकाशाच्या, एक काळाची. मोजमापात आजवर एवढ्याच सापडल्या आहेत. बाकीचे आकडे खोटे आहेत असं नाही, पण ते वेगळ्या जातीचे आहेत. ‘अमुक सिद्धांत बरोबर असेल तर इतक्या मिती असायला हव्यात’ अशी ती सशर्त विधानं आहेत. व्हिडिओत ती अट गळते आणि आकडा तेवढा उरतो. माझ्या मते तुमचा गोंधळ तिथूनच सुरू झालाय. दुसरं असं की मिती किती, हे किती लांबीवर पाहता त्यावर अवलंबून असू शकतं. मी सापेक्षता शिकवतो, गुरुत्वाकर्षणावर काम करतो, आणि या प्रश्नाकडे मोजायची गोष्ट म्हणूनच बघतो. उत्तरही त्याच अंगानं देतो.

मिती म्हणजे काय, ते आधी स्वच्छ करू. एखादी घटना कुठे आणि कधी घडली हे पक्कं सांगायला किमान किती स्वतंत्र आकडे लागतात, ती संख्या म्हणजे मिती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. त्याची नोंद घ्यायची तर अक्षांश, रेखांश, जमिनीखालची खोली आणि वेळ द्यावी लागते. यातला एक आकडा गाळला तर नोंद अपुरी, पाचवा जोडला तर त्यातून ठिकाण किंवा वेळ यांबद्दल नवं काही कळत नाही. भूकंपाची तीव्रता हाही आकडाच आहे, पण ती घटनेचा गुण सांगते, जागा नव्हे. हा फरक सुटला की ‘पाचवी मिती म्हणजे शक्यता, सहावी म्हणजे समांतर विश्वं’ अशी यादी तयार होते. तिचा भौतिकीशी संबंध नाही. ‘आत्मे चौथ्या मितीत राहतात’ हेही त्याच डब्यात टाका.

एक सावधगिरी मात्र घ्या. भौतिकीवाले स्वतःसुद्धा ‘मिती’ हा शब्द सैल हातानं वापरतात. एका ग्रहाची पूर्ण अवस्था सांगायला तीन आकडे स्थानाचे आणि तीन वेगाचे लागतात, म्हणून आम्ही म्हणतो की तिचं अवकाश सहा मितींचं आहे. पुंजयांत्रिकीत (क्वांटम मेकॅनिक्समध्ये) तर अनंत मितींचं अवकाश रोजच्या वापरातलं आहे. ही सगळी हिशोबाची वही आहे, तिथे कुणी हिंडू शकत नाही. एखाद्या बातमीत ‘शास्त्रज्ञांनी अमुक मितींचं काहीतरी तयार केलं’ असं वाचलंत, तर बहुतेक वेळा ते या जातीचं असतं.

चौथी मिती काळाची, पण ती उरलेल्या तिघींसारखी नाही. १९०५ मध्ये आइनस्टाईननं विशेष सापेक्षता मांडली आणि १९०८ मध्ये मिन्कोव्स्कीनं तिला भूमितीचं रूप दिलं. त्या भूमितीत दोन घटनांमधलं अंतर काढताना काळाच्या वर्गाचं चिन्ह अवकाशाच्या वर्गांच्या उलट येतं. म्हणूनच माणूस उत्तरेला जाऊन परत येऊ शकतो, काल गाठू शकत नाही. पण काळ आणि अवकाश एकमेकांत मिसळतात हे नक्की, आणि त्याचा पुरावा आत्ता तुमच्या अंगावर पडतोय. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे साधारण १० ते १५ किलोमीटर उंचीवर म्यूऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगानं धावले तरी जेमतेम ६६० मीटरचा पल्ला. तरीही ते मोठ्या संख्येनं जमिनीवर पोचतात, कारण आपल्या मोजणीत त्यांचं घड्याळ हळू चालतं.

आता मुद्द्याचा भाग: अवकाशाच्या मिती तीनच, हे ‘दिसतात तेवढ्या’ म्हणून मानायचं की मोजता येतं? मोजता येतं, आणि पद्धत फार सुंदर आहे. सूर्यापासून निघालेला प्रकाश सगळीकडे पसरतो. अंतर वाढतं तसा तो मोठ्या गोलाच्या पृष्ठभागावर वाटला जातो. तीन मितींच्या अवकाशात गोलाचं पृष्ठ अंतराच्या वर्गानं वाढतं, चार मितींच्या अवकाशात ते घनानं वाढलं असतं. पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट सूर्यप्रकाश मिळतो. मंगळ सूर्यापासून आपल्या १.५२ पट लांब. वर्गाचा नियम लावला तर तिथे १३६१ भागिले २.३२, म्हणजे साधारण ५९० वॅट यायला हवेत. घनाचा लावला तर ३८५ च्या आसपास. मंगळावर मिळतात ५९० च. तिथे सौर पॅनेल पाठवणाऱ्यांनी मितींचा प्रयोग म्हणून काही केलेलं नाही, पण त्यांच्या वीजबिलात अवकाशाच्या तीन मिती लिहिलेल्या आहेत.

गुरुत्वाकर्षणाचंही तेच. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या ६० त्रिज्यांवर आहे, म्हणून जमिनीवरचं ९.८ (मीटर दर सेकंद वर्ग) हे त्वरण तिथे ३६०० पटीनं कमी होऊन ०.००२७ होतं, आणि चंद्राची कक्षा नेमकी तेवढंच मागते. याच्या पुढचा युक्तिवाद १९१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्टनं केला, आणि मी वर्गात तो फळ्यावर करून दाखवल्याशिवाय सोडत नाही. ग्रह फिरतो तेव्हा दोन गोष्टींची रस्सीखेच चालू असते. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढतं. फिरण्यामुळे त्याला सूर्याच्या जवळ जाणं महाग पडतं, आणि ती किंमत अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. आपल्या अवकाशात गुरुत्वाची ऊर्जा नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणून खूप जवळ गेल्यावर फिरण्याची बाजू जिंकते, लांब गेल्यावर ओढ जिंकते, आणि मध्ये एक खळगा तयार होतो ज्यात ग्रह सुखानं बसतो. जरा धक्का लागला तर थोडा डुलतो, कक्षा किंचित लांबट होते, बस्स. आता अवकाशाला आणखी एक मिती द्या. गुरुत्वाची ऊर्जाही वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलू लागते. दोन्ही बाजू सारख्याच दरानं वाढतात, खळगा नाहीसा होतो. धूमकेतूनं धक्का दिला तरी पृथ्वी एकतर सूर्यात गोल गोल कोसळेल किंवा कायमची निघून जाईल. हायड्रोजनच्या अणूचीही अशीच पंचाईत होते. तुम्ही हे वाचायला शिल्लक आहात, यावरूनच सूर्यमालेच्या मापावर आणि अणूच्या मापावर अवकाशाच्या मिती तीन आहेत हे कळतं.

मग जास्तीच्या मितींना जागा उरतेच कुठे? फार लहान मापांवर. ही कल्पना कालुझा आणि क्लाईन यांची. कालुझानं १९१९ मध्ये आइनस्टाईनला लिहून कळवलं की सापेक्षतेची समीकरणं पाच मितींत लिहिली तर त्यातून गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व दोन्ही बाहेर पडतात. लेख छापून यायला १९२१ उजाडलं. पाचवी मिती दिसत का नाही याचं उत्तर क्लाईननं १९२६ मध्ये दिलं: ती स्वतःवर वळून बंद झाली आहे, आणि अतिशय लहान आहे. पैठणीच्या काठातली जर आठवा. हातभर अंतरावरून ती नुसती रेघ दिसते, तिच्यावरची जागा सांगायला एक आकडा पुरतो. भिंगाखाली धरली की कळतं, आत रेशमाचा धागा आहे आणि त्याच्याभोवती धातूची चपटी तार गुंडाळली आहे. आता ‘धाग्याच्या लांबीवर कुठे’ इतकं सांगून भागत नाही, ‘घेरावर कुठे’ तेही सांगावं लागतं. घेर पूर्वीही होताच, आपण लांब होतो. इथे एक गोष्ट मात्र नीट धरा. जरीचा धागा स्वतः तीन मितींच्या खोलीत असतो, गुंडाळलेली मिती अशा कशाच्या ‘आत’ नसते. आपल्या अवकाशाच्या प्रत्येक बिंदूपाशी ती जादा दिशा उपलब्ध असते, एवढंच.

आता दहा, अकरा आणि सव्वीस. हे आकडे कुणी हौसेनं निवडलेले नाहीत, आणि याबद्दल स्ट्रिंगवाल्यांना, म्हणजे सगळे कण मुळात कंप पावणारे सूक्ष्म तंतू आहेत असं मानणाऱ्यांना, श्रेय द्यायला हवं. बाकी सिद्धांतांत मितींची संख्या आपण बाहेरून घालतो, स्ट्रिंग सिद्धांतात ती गणितातून निघते. कशी, ते थोडक्यात दाखवतो. कंप पावणाऱ्या तंतूचे सूर एकपट, दुप्पट, तिप्पट असे वाढत जातात, आणि पुंजयांत्रिकीमुळे प्रत्येक सूर शांत असतानाही थोडी ऊर्जा बाळगतो. ती सगळी बेरीज करायला गेलं की १ + २ + ३ + … अशी अनंत मालिका समोर येते. तिच्यातला अनंताचा भाग रीतसर बाजूला काढल्यावर उणे एक-बारांश उरतो. रामानुजननं १९१३ मध्ये हार्डीला पाठवलेल्या पत्रात हाच आकडा आहे. त्याच्या निम्मं, म्हणजे उणे एक-चोविसांश, हा तंतू ज्या ज्या दिशेनं आडवा हलू शकतो त्या प्रत्येक दिशेचा वाटा. प्रकाशासारखा वस्तुमान नसलेला कण मिळायला एकूण बेरीज उणे एक व्हावी लागते. म्हणजे आडव्या दिशा २४. त्यात तंतूच्या स्वतःच्या दोन मिळवा, एक काळाची आणि एक त्याच्या लांबीची, झाल्या २६. पण या आवृत्तीत इलेक्ट्रॉनसारखे द्रव्याचे कणच नाहीत, शिवाय ती अस्थिर आहे. इलेक्ट्रॉनसारख्या कणांची सोय केली की प्रत्येक दिशेचा वाटा उणे एक-सोळांश होतो आणि बेरीज उणे अर्धा लागते. आडव्या दिशा आठ, अधिक दोन, एकूण दहा. १९९५ मध्ये विटननं दाखवलं की दहा मितींच्या सिद्धांतात परस्परक्रिया जोरकस होऊ लागली की एक अकरावी दिशा उघडते, आणि तिचा आकार त्या जोरावर ठरतो. म्हणजे दहा आणि अकरा हे प्रतिस्पर्धी नाहीत, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. सव्वीसवाल्या व्हिडिओवर वेळ घालवू नका.

दहातल्या सहा मिती दिसू नयेत म्हणून त्या गुंडाळाव्या लागतात, आणि खरी डोकेदुखी इथे सुरू होते. नुसत्या गुंडाळून चालत नाही, त्या तशाच टिकल्या पाहिजेत, नाहीतर फुगतील किंवा आक्रसतील आणि निसर्गाचे स्थिरांक डळमळतील. २००३ मध्ये काच्रू, कॅलोश, लिंडे आणि आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी यांनी या मिती जागच्या जागी कशा रोखता येतील याची एक रीत दाखवली. ती कितपत पक्की आहे यावर अजून वाद चालू आहेत. आणि गुंडाळायच्या रीती इतक्या निघतात की एकावर पाचशे शून्यं, असा अंदाज दिला जातो. त्यातली आपली कोणती, हे सिद्धांत सांगत नाही. माझं मत विचाराल तर हा त्या सिद्धांताचा सगळ्यात दुखरा भाग आहे, जास्तीच्या मिती असणं हा नव्हे.

प्रयोगांकडे येऊ. १९९८ पर्यंत बहुतेकांची समजूत होती की जास्तीच्या मिती असल्या तरी कल्पनेपलीकडे लहान असणार, प्लँक लांबीच्या आसपास. एकावर पस्तीस शून्यं लिहून मीटरला त्या संख्येनं भागा, म्हणजे ती लांबी किती बारीक याचा अंदाज येईल. तिथे कुठलंही यंत्र पोचत नाही. मग अर्कानी-हामेद, दिमोपुलोस आणि द्वाली यांनी विचारलं: प्रकाश आणि द्रव्य आपल्या तीन मितींच्या पत्र्यावर अडकून असेल आणि फक्त गुरुत्वाकर्षण बाहेर झिरपत असेल तर? तसं असेल तर गुरुत्व बाकी बलांच्या मानानं इतकं दुबळं का, याचं उत्तर मिळतं. हिशोब केला तर अशी जास्तीची मिती एकच असल्यास ती सूर्यमालेएवढी मोठी निघते. ते ग्रहांनी केव्हाच खोडून काढलंय. दोन असल्यास त्या मिलिमीटरच्या आगेमागे निघतात. आणि गंमत म्हणजे तोवर एक मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर वर्गाचा नियम कुणी धड तपासलेलाच नव्हता! आकाशगंगांपर्यंत हिशोब मांडणाऱ्या आम्हा लोकांना दोन कागदांमधल्या फटीतलं गुरुत्व ठाऊक नव्हतं.

सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं ते काम अंगावर घेतलं. उपकरणाची जात कॅव्हेंडिशच्या १७९८ च्या तराजूचीच: बारीक तारेला टांगलेली वस्तू, आणि तिला किती पीळ बसतो ते बघायचं. त्यांनी काय केलं, तर धातूच्या चकतीत गोलाकार ओळींनी भोकं पाडली, प्रत्येक ओळीत २१. ती चकती टंगस्टनच्या तारेवर लोंबती ठेवली. तिच्या खाली तशाच भोकांची दुसरी चकती हळूहळू फिरती ठेवली. वरचं भोक खालच्या भोकावर आलं की ओढ एक, भोक धातूवर आलं की दुसरी. त्यामुळे एका फेऱ्यात वरच्या चकतीला २१ वेळा झोका बसतो. भूकंपाचे हादरे, तापमानातले चढउतार, लांबच्या वस्तूंची ओढ असल्या गोंगाटातून नेमका तो २१ चा ठेका शोधायचा. गुरुत्वाला पार झाकून टाकणारा विजेचा सूक्ष्म प्रभाव अडवायला दोन चकत्यांच्या मध्ये सोन्याचा मुलामा दिलेला, जेमतेम १० मायक्रोमीटर जाडीचा धातूचा पडदा ताणून बसवला. २००७ मध्ये त्यांनी सांगितलं की ५६ मायक्रोमीटरपर्यंत वर्गाचा नियम शाबूत आहे. २०२० मध्ये सुधारित उपकरणानं चकत्यांमधलं अंतर ५२ मायक्रोमीटरपर्यंत आणून मोजलं, तिथेही नियम शाबूत निघाला, आणि सगळ्यात मोठी जास्तीची मिती फार तर ३० मायक्रोमीटरची असू शकते अशी मर्यादा लागली. केसाच्या जाडीपेक्षा कमी. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणत्वरकातही शोध चालू आहे. तिथे कणांच्या टकरीतून ऊर्जा गायब झाली, म्हणजे गुरुत्वाचे कण ती घेऊन जास्तीच्या मितीत निसटले, तर ते हिशोबात दिसेल. आजवर तसं दिसलेलं नाही.

उलट्या टोकाला, म्हणजे प्रचंड अंतरांवर, एक तपासणी १७ ऑगस्ट २०१७ ला झाली. १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकालातले तरंग, आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. लहर जर वाटेत जास्तीच्या मितींत झिरपली असती तर ती अपेक्षेपेक्षा क्षीण झाली असती, आणि तिच्यावरून काढलेलं अंतर दुर्बिणीतून काढलेल्या अंतरापेक्षा जास्त निघालं असतं. मोजमापातल्या त्रुटीची मर्यादा धरून दोन्ही अंतरं जुळली. उत्तर पुन्हा तेच: काळ धरून चार. यातून गुंडाळलेल्या बारीक मितींबद्दल काहीच कळत नाही, हे लक्षात ठेवा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे अमेरिकेतल्या दोन लायगो शोधकांसारखाच गुरुत्वीय लहरी टिपणारा शोधक, उभा राहायचा आहे. तो तिसऱ्या ठिकाणचा जुळा शोधक सुरू झाला की लहर आकाशात नेमकी कुठून आली ते जास्त चांगलं कळेल, दुर्बिणींना लक्ष्य लवकर सापडेल, आणि ही अंतरांची ताडून पाहणी अधिक घटनांवर करता येईल.

म्हणजे आतापर्यंतचा जमाखर्च असा: प्रकाश आणि द्रव्य यांच्यापुरत्या अवकाशाच्या तीन मिती अणुकेंद्रकाच्याही खूप आतपर्यंत तपासलेल्या आहेत, गुरुत्वापुरत्या त्या ५० मायक्रोमीटरपासून कोट्यवधी प्रकाशवर्षांपर्यंत, त्या खाली गुरुत्वाचं दार उघडं आहे.

जास्तीच्या मिती मानल्याशिवाय गुरुत्व आणि पुंजयांत्रिकी यांचं लग्न लागतच नाही, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये सापेक्षतेची समीकरणं नव्या चलांत लिहिली, आणि त्यातून उभी राहिलेली लूप क्वांटम ग्रॅव्हिटी, म्हणजे गुरुत्वाचा पुंजयांत्रिकी सिद्धांत, चार मितींवरच भागवते. तिलाही प्रयोगाचा दाखला अजून मिळालेला नाही, म्हणून ती जिंकली असं मी म्हणणार नाही. पण हा दुसरा रस्ता आहे, आणि मराठी वाचकाला तो माहीत नसावा हे बरं नव्हे.

तुमचा शेवटचा भाग, कमी मिती. हा प्रश्न तुम्ही कदाचित सहज जोडला असेल, पण सध्या तोच मला जास्त रंजक वाटतो. २००५ मध्ये अँब्यॉर्न, युर्कीविच आणि लोल यांनी संगणकावर अवकाशकालाचे बारीक तुकडे जोडून पाहिले. मोठ्या मापावर चार मिती आपोआप उभ्या राहिल्या, पण अतिसूक्ष्म मापावर मितींची संख्या दोनच्या आसपास उतरली. गणना आहे, निरीक्षण नव्हे. दुसरा धागा कृष्णविवरांचा. त्यांची एन्ट्रॉपी, म्हणजे आत दडलेल्या माहितीचं माप, घनफळावर न ठरता पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, हे बेकेनस्टाईन आणि हॉकिंग यांच्या कामातून सत्तरच्या दशकातच कळलं होतं. १९९७ मध्ये माल्डासेनानं त्याच्या पुढचं, अजून पूर्ण सिद्ध न झालेलं पण भक्कम मानलं जाणारं उदाहरण दिलं: विशिष्ट प्रकारच्या विश्वातलं गुरुत्वासकट सगळं भौतिक त्याच्या सीमेवरच्या, एक मिती कमी असलेल्या आणि गुरुत्व नसलेल्या सिद्धांतात जसंच्या तसं लिहिता येतं. दोन्ही वर्णनं बरोबर, मिती मात्र वेगळ्या. तिथे ‘खऱ्या मिती किती’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पण त्या विश्वाचा वैश्विक स्थिरांक, म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या अंगभूत ऊर्जेचं माप, ऋण आहे. आपल्या विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ पासून माहीत आहे, आणि त्याचा सरळ अर्थ आपला स्थिरांक धन आहे. तेव्हा ‘विश्व म्हणजे होलोग्राम’ असा व्हिडिओ समोर आला, तर आधी त्यात तो स्थिरांक कोणत्या चिन्हाचा धरलाय ते बघा.